ज्यूकडेकचं प्रकरण: गाणं बनवणं स्वस्त झालं, मग पैसा गेला कुठे?

ॲपसाठी किंवा गेमसाठी एआयने बनवलेलं म्युझिक हा विषय निघाला की हल्ली सगळे सुनो आणि युडिओपासून, म्हणजे दोन ओळी लिहिल्या की अख्खं गाणं बनवून देणाऱ्या एआय टूल्सपासून, सुरुवात करतात, जणू त्याच्या आधी काही नव्हतंच. पण हा धंदा नेमका कुठे अडतो हे समजून घ्यायचं असेल तर मला अजूनही सगळ्यात कामाचं प्रकरण वाटतं ते लंडनच्या ज्यूकडेकचं. ही कंपनी २०१२ साली सुरू झाली, २०१५ च्या डिसेंबरमध्ये टेकक्रंच डिसरप्ट लंडनची स्टार्टअप स्पर्धा जिंकली, आणि २०१९ च्या उन्हाळ्यात वेबसाइट बंद झाली कारण टिकटॉकवाल्या बाइटडान्सने ती विकत घेतली. सात वर्षांत एवढंच, पण यात जे जे झालं ते आज पुन्हा मोठ्या आकड्यांमध्ये होतंय, म्हणून सगळं नीट लिहितोय.

संस्थापक दोघं, एड न्यूटन-रेक्स आणि पॅट्रिक स्टॉब्स. न्यूटन-रेक्स केंब्रिजला संगीत शिकलेला, कॉयरसाठी, म्हणजे समूहगायनासाठी, रचना करणारा माणूस, कॉम्प्युटरवाला नव्हे. हार्वर्डला गेलेला असताना तिथल्या कॉम्प्युटर सायन्सच्या एका लेक्चरला बसला आणि डोक्यात आलं की संगीताचे नियम जर आपण शिकू शकतो तर मशीनला का शिकवता येणार नाहीत, मग परत येऊन कोडिंग शिकला आणि कामाला लागला. हे मला महत्त्वाचं वाटतं कारण पुढे २०२३ मध्ये त्याने जो निर्णय घेतला तो संगीतकाराचा निर्णय होता, आणि त्याच्यासाठीच मी हे प्रकरण निवडलंय.

प्रॉडक्ट अगदी सोपं होतं. वेबसाइटवर जायचं, प्रकार निवडायचा, म्हणजे फोक, रॉक, इलेक्ट्रॉनिक वगैरे, मग मूड, मग स्पीड, मग किती लांबीचं पाहिजे, आणि म्युझिक कुठे चढलं पाहिजे तेही सांगायचं, बटण दाबलं की थोड्या वेळात ट्रॅक तयार. तो ट्रॅक त्याआधी कुणी ऐकलेला नसायचा, दुसऱ्याने तीच बटणं दाबली तर त्याला वेगळा मिळायचा. आत काय चालायचं तर मशीन आधी स्वर ठरवायचं, कोणता स्वर कधी, किती वेळ, कोणत्या वाद्यावर, आणि मग सॉफ्टवेअर ते स्वर साठवलेल्या वाद्यांच्या आवाजात वाजवून ऑडिओ फाइल काढायचं. सुरुवातीला बरेचसे नियम हाताने लिहिलेले होते, नंतर न्यूरल नेटवर्क आलं, म्हणजे उदाहरणांवरून स्वतः शिकणारं सॉफ्टवेअर. आवाज ऐकून कुणी थक्क व्हायचं नाही, पण दोन मिनिटांच्या व्हिडिओखाली किंवा एखाद्या पझल गेमच्या मेनूखाली चालून जायचं, आणि त्यांचा दावाही तेवढाच होता.

आता मुद्दा असा की माणूस पैसे कशाला मोजत होता. गाण्याला नाही. जो छोटा व्हिडिओवाला किंवा गेम बनवणारा येत होता त्याला चिंता होती कॉपीराइट क्लेमची. यूट्यूबची कंटेंट आयडी सिस्टीम २००७ पासून आहे, म्युझिक कंपन्या आपली गाणी त्यात टाकून ठेवतात, कुणाच्या व्हिडिओत तुकडा सापडला की क्लेम येतो आणि जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे वळतात किंवा व्हिडिओ ब्लॉक होतो. गेमवाल्यांना तर हे दुहेरी लागतं, कारण गेम ते स्वतः विकतात आणि वर लोक तो गेम खेळतानाचं स्ट्रीमिंग करतात, तेव्हा गेममधलं गाणं त्या स्ट्रीमरच्या अंगावर येतं. २०२० मध्ये ट्विच या गेम स्ट्रीमिंगच्या साइटवर अशा नोटिसांची लाट आली होती, लोकांनी वर्षानुवर्षांचे जुने व्हिडिओ उडवले, आणि सायबरपंक २०७७ सारख्या मोठ्या गेममध्ये तर स्ट्रीमरसाठी लायसन्सची गाणी बंद करायचं वेगळं सेटिंगच द्यावं लागलं. एका गाण्यावर दोन हक्क असतात, एक रचनेचा आणि एक रेकॉर्डिंगचा, दोन्हींची परवानगी वेगवेगळ्या लोकांकडून घ्यायची, ती कोणत्या देशांत, किती वर्षं, कोणत्या माध्यमात चालेल ते बघायचं, हे तीन माणसांच्या गेम स्टुडिओला झेपतच नाही. ज्यूकडेक सांगत होतं की आमच्याकडून घ्या, मागून कुणी येणार नाही. ते विकत होते ती ही निश्चिंती.

रेटकार्ड बघा म्हणजे हे लक्षात येतं. महिन्याला काही ट्रॅक फुकट, २०१७ च्या सुमाराला छोट्या धंद्याला एका ट्रॅकचे ९९ सेंट्स, मोठ्या कंपनीला २१.९९ डॉलर, आणि १९९ डॉलर दिले की त्या ट्रॅकचा अख्खा कॉपीराइट तुमच्या नावावर. ट्रॅक तोच, आवाज तोच, बनवायला मशीनला लागलेला वेळ तोच, किंमत वाढते ती फक्त कागदावर काय लिहिलंय त्याप्रमाणे. गिऱ्हाइकांमध्ये लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम होतं, कोकाकोला होतं, म्हणजे मोठ्यांनाही हा कागद पाहिजेच होता.

या १९९ डॉलरच्या कॉपीराइटबद्दल थोडं थांबून बोलायला पाहिजे कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ब्रिटनच्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ९(३) आहे, त्यात म्हटलंय की कॉम्प्युटरने बनवलेल्या कृतीचा लेखक म्हणजे ती बनवण्यासाठी लागणारी व्यवस्था ज्याने केली ती व्यक्ती, आणि त्या हक्काची मुदत ५० वर्षं. त्यामुळे लंडनच्या कंपनीला आमच्याकडे कॉपीराइट आहे आणि तो आम्ही तुम्हाला विकतो असं म्हणायला कायद्यात जागा होती. अमेरिकेत तशी जागा नाही. तिथल्या डीसी सर्किट अपील कोर्टाने मार्च २०२५ मध्ये थेलर खटल्यात स्पष्ट सांगितलं की लेखक माणूसच पाहिजे, आणि त्याच वर्षी जानेवारीत तिथल्या कॉपीराइट ऑफिसने सांगितलं होतं की नुसता प्रॉम्प्ट, म्हणजे मशीनला काय पाहिजे ती सूचना, लिहिला म्हणून तुम्ही त्या आउटपुटचे लेखक होत नाही, माणसाने स्वतः घातलेली रचना, निवड, बदल असतील तर तेवढ्यापुरतं संरक्षण मिळेल. म्हणजे एकच ट्रॅक लंडनमध्ये मालमत्ता आणि न्यूयॉर्कमध्ये जवळजवळ कुणाचाच नाही. गेमच्या बाबतीत याचा थेट त्रास म्हणजे क्लोन. प्ले स्टोअरवर गेम थोडा चालला की हुबेहूब नकला येतात हे सगळ्यांना माहितीय, त्यातल्या कुणी तुमची थीम ट्यून उचलली आणि ती ट्यून पूर्ण मशीनची असेल, तर अमेरिकेत तुम्ही कॉपीराइटच्या नावाने त्याला अडवू शकाल याची खात्री नाही. मेनूच्या पाठीमागे वाजणाऱ्या म्युझिकसाठी ही गोष्ट चालून जाते, पण गेमची ओळख असलेल्या ट्यूनसाठी मला तरी चालणार नाही.

आणि भारतात? आपल्याकडे १९५७ च्या कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम २(डी)(६) आलं, त्यात कॉम्प्युटरने बनवलेल्या साहित्यिक, नाट्य, संगीत किंवा कलाकृतीचा लेखक म्हणजे ती कृती निर्माण व्हायला जो कारण ठरला तो. वाचायला ब्रिटनसारखं वाटतं. पण १९९४ मध्ये हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यासमोर सुनो नव्हतं, कारण ठरणारा म्हणजे बटण दाबणारा की मॉडेल बनवणारा की ज्यांच्या गाण्यांवर मॉडेल शिकलं ते, हे वाचून कळत नाही.

परत ज्यूकडेककडे. कंपनीच्या टूलवर लोकांनी दहा लाखांच्या वर ट्रॅक बनवले. आकडा ऐकायला जबरदस्त आहे, पण साधा हिशोब करा, समजा यातला प्रत्येक ट्रॅक ९९ सेंट्सला विकला गेला असता, एकही फुकट नाही, तरी सगळे मिळून होतात साधारण ९ लाख ९० हजार डॉलर, तेही अनेक वर्षांचे मिळून, आणि लंडनमध्ये मशीन लर्निंगचे इंजिनिअर पगारावर ठेवायचे म्हणजे एवढ्यात काय होणार. बरं मोठा गेम स्टुडिओ आला असं धरा, त्याने बारा ट्रॅक घेतले २१.९९ ने, झाले २६३.८८ डॉलर, एकदाच, आणि तो परत येणार पुढचा गेम बनवेल तेव्हा. गेम म्युझिक ही दर महिन्याला लागणारी वस्तू नाही, रोज व्हिडिओ टाकणाऱ्याला लागते, पण त्याच्याकडे पैसे नसतात.

त्यात समोर स्पर्धा कुणाची होती तर चक्क फुकटची. यूट्यूबने स्वतः २०१३ पासून ऑडिओ लायब्ररी उघडली होती, क्लेम न येणारं म्युझिक, शून्य रुपयात. केविन मॅक्लाउडसारखा माणूस तर शेकडो रचना क्रिएटिव्ह कॉमन्स या मोकळ्या वापराच्या लायसन्सखाली टाकून बसला होता, फक्त नाव द्या म्हणायचा. दुसऱ्या बाजूला स्वीडनचं एपिडेमिक साउंड, २००९ पासून, संगीतकारांकडून हक्क विकत घेऊन महिन्याच्या वर्गणीवर देणारं, आणि ते म्युझिक माणसांनी वाजवलेलं, ऐकायला ज्यूकडेकपेक्षा कितीतरी चांगलं. म्हणजे स्वस्तात फुकटवाले, दर्जात माणसं, आणि मधल्या फटीत एआय. मला वाटतं इथेच हे प्रकरण उलगडतं. आपल्याला सांगितलं जातं की बनवण्याचा खर्च शून्यावर आला की धंदा होतो, पण बनवण्याचा खर्च शून्यावर आला की किंमतही शून्याकडेच जाते, मग उरतं ते ज्याच्या हातात वितरण आहे त्याच्याकडे.

गेमच्या बाबतीत आणखी एक अडचण होती जी व्हिडिओत नसते. व्हिडिओला एक सलग फाइल लागते, सुरू झाली, संपली. गेमला काय लागतं तर लूप, जो शेवटून परत सुरुवातीला जाताना खटका येता कामा नये, मग वेगवेगळे थर, म्हणजे शांत असताना फक्त पॅड, म्हणजे मागे लांबवर धरलेला सूर, वाजतंय, शत्रू आला की तोच ताल धरून ढोल येतो, जीव कमी झाला की वरचा थर बदलतो, आणि हे सगळं खेळणारा काय करतोय त्यावर ठरतं, आधीपासून नाही. ल्यूकसआर्ट्स या गेम कंपनीने यासाठी आयम्यूज नावाची सिस्टीम १९९१ मध्येच वापरली होती, आज एफमॉड आणि वाइज ही टूल्स स्टुडिओंमध्ये रोज वापरतात. २०१६ च्या नो मॅन्स स्काय गेमसाठी सिक्स्टीफाइव्ह डेज ऑफ स्टॅटिक या बँडने असंख्य तुकडे वाजवून दिले आणि गेमचं कोड ते तुकडे जुळवत बसतं, म्हणजे आपोआप तयार होणारं म्युझिक, पण प्रत्येक तुकड्यामागे माणूस. ज्यूकडेक द्यायचं ती एक तयार फाइल. ती घेऊन गेमचा साउंड डिझायनर काय करणार, तुकडे पाडणार, कडा घासणार, थर वेगळे करायला बघणार, एवढ्यात एखाद्या होतकरू संगीतकाराकडून करून घेतलेलं परवडतं. लक्झेंबर्गची एआयव्हीए कंपनी, २०१६ ची, अजून टिकून आहे, आणि माझ्या मते त्याचं एक कारण हे की ती वर्गणीवर चालते, वरच्या प्लॅनमध्ये कॉपीराइट देते, आणि मिडी फाइल देते, जिच्यात आवाज नसून नुसते स्वर लिहिलेले असतात, म्हणजे संगीतकाराला आत हात घालून बदलता येतं. बर्लिनच्या एन्डेलने तर ट्रॅक विकायचा नादच सोडला, झोपायला किंवा कामात लक्ष लागायला मदत करणारं ॲपच काढलं, आवाज वेळेप्रमाणे, हवामानाप्रमाणे, हृदयाच्या ठोक्यांप्रमाणे बदलतो, तिथे म्युझिक हेच ॲप आहे म्हणून लोक वर्गणी भरतात. २०१४ ची अमेरिकन अँपर म्युझिक मात्र ज्यूकडेकच्याच वाटेने गेली, नोव्हेंबर २०२० मध्ये शटरस्टॉकने घेतली.

मग बाइटडान्सने ज्यूकडेक का घेतली असेल? किंमत जाहीर झाली नाही, कंपनीने मोठं निवेदन वगैरे काढलं नाही, साइटवर थोडक्यात निरोप आला, आणि न्यूटन-रेक्स व त्याची काही माणसं बाइटडान्सकडे दिसायला लागली. पण तर्क कठीण नाही. टिकटॉक चालतं गाण्यावर, आणि गाणी दुसऱ्यांची. प्रत्येक करार संपला की पुन्हा टेबलावर बसायचं. हे किती नाजूक आहे ते २०२४ मध्ये दिसलं, जानेवारीअखेर युनिव्हर्सल या बड्या म्युझिक कंपनीचा करार संपला, त्यांची गाणी टिकटॉकवरून गायब झाली, मे उजाडला तेव्हा नवा करार झाला, आणि भांडणाचा एक मुद्दा एआयने बनवलेलं म्युझिक हाच होता. ज्याच्याकडे कोट्यवधी लोक रोज व्हिडिओ टाकतात त्याला स्वतःच्या मालकीचं, कुणाला रॉयल्टी न देता वापरता येणारं म्युझिक केवढ्याला पडतं याचा हिशोब ९९ सेंट्सच्या दुकानापेक्षा पूर्ण वेगळा. आपल्याकडे जून २०२० मध्ये बंदी येईपर्यंत गावागावांतली मराठी पोरं टिकटॉकवर होती, त्यांच्यामागे वाजणारी गाणी कुणाच्या मालकीची आणि त्याचे पैसे कुठून कुठे जातात याचा विचार कुणी करत नव्हतं, पण कंपनीच्या आत तो रोज होत असणार.

तर तंत्रज्ञान चांगलं चाललं, गिऱ्हाईक मिळालं, बक्षीस मिळालं, आणि शेवटी किंमत मिळाली ती प्लॅटफॉर्मच्या पोटात गेल्यावर. जे लोक आज एआय म्युझिकचं छोटं ॲप काढायचं म्हणतात त्यांना मी हाच भाग नीट वाचा म्हणतो.

आता न्यूटन-रेक्सचं पुढचं. तो नंतर स्टॅबिलिटी एआय या एआय मॉडेल बनवणाऱ्या कंपनीत ऑडिओ विभागाचा प्रमुख झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी स्टेबल ऑडिओ हे म्युझिक बनवणारं टूल आणलं, आणि ते शिकवायला ऑडिओस्पार्क्स या स्टॉक म्युझिक कंपनीबरोबर रीतसर करार करून घेतलेल्या आठ लाखांवर फाइल्स वापरल्या, ज्यांना नको होतं त्यांना बाहेर पडायची सोय होती, कमाईतला वाटा द्यायचं ठरलं होतं. म्हणजे होऊ शकतं हे त्याने करून दाखवलं. आणि दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, त्याने राजीनामा दिला, कारण त्याच कंपनीने अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसला लिहून कळवलं होतं की परवानगी न घेता कॉपीराइटच्या कृतींवर मॉडेल शिकवणं हे फेअर यूज आहे, म्हणजे अमेरिकन कायद्यात परवानगीशिवाय चालणारा वापर. मोठ्या पगाराची जागा, स्वतःचं नुकतंच गाजलेलं प्रॉडक्ट, आणि माणूस म्हणतो की हे मला मान्य नाही, मी जातो. मला हे फार मोठं वाटतं, आणि मोठं वाटतं ते यासाठी की तो एआयच्या विरोधात नाहीये, त्याने आयुष्यातली सगळी उमेद मशीनकडून संगीत करून घेण्यात घातली होती.

ज्यूकडेक आणि आताची टूल्स यांच्यातला फरकही इथे कळतो. ज्यूकडेक स्वर लिहायचं, सुनो आणि युडिओ थेट आवाज बनवतात, गायकाच्या श्वासासकट. स्वर लिहिणारं मॉडेल जुन्या, कॉपीराइट संपलेल्या रचनांच्या नोटेशनवरही शिकवता येतं, पण आवाज बनवायला रेकॉर्डिंगच पाहिजेत, तीही प्रचंड. भातखंड्यांच्या पद्धतीने लिहिलेली बंदिश हातात असणं आणि त्याच बंदिशीचं एखाद्या बुजुर्गाचं रेकॉर्डिंग हातात असणं, यात जेवढा फरक तेवढाच हा. रेकॉर्डिंगमध्ये एका माणसाचा गळा आणि त्याची वर्षं असतात, आणि ते कुणाच्या तरी मालकीचं असतं.

जून २०२४ मध्ये सोनी, युनिव्हर्सल आणि वॉर्नर यांनी सुनो आणि युडिओवर खटले भरले, एकेका कृतीला दीड लाख डॉलरपर्यंत भरपाई मागितली. सुनोने ऑगस्टमध्ये कोर्टात दिलेल्या उत्तरात जवळपास मान्यच केलं की इंटरनेटवर उघडपणे मिळणाऱ्या, बऱ्या दर्जाच्या झाडून सगळ्या म्युझिक फाइल्स ट्रेनिंगमध्ये होत्या, फक्त ते फेअर यूज आहे असं म्हटलं. पुढे समझोते झाले, ऑक्टोबर २०२५ मध्ये युनिव्हर्सल आणि युडिओ, नोव्हेंबरमध्ये वॉर्नरचा दोघांशीही. युडिओच्या समझोत्यात काय झालं ते ॲप आणि गेमवाल्यांनी डोळे उघडून वाचायला पाहिजे. समझोता जाहीर झाला आणि डाउनलोड बंद. लोकांनी पैसे भरून बनवलेले ट्रॅक, वेबसाइटवर वाजतायत पण बाहेर काढता येत नाहीत, आरडाओरडा झाल्यावर ४८ तासांची खिडकी दिली की काय ते काढून घ्या. ज्याचा गेम अर्धा झालाय आणि म्युझिक तिथे पडलंय त्याची काय अवस्था झाली असेल. २०१९ मध्ये ज्यूकडेकची साइट बंद झाली तेव्हाही तेच, पुढच्या लेव्हलसाठी त्याच धाटणीचा आणखी एक ट्रॅक पाहिजे म्हटलं तर जायचं कुठे.

न्यूटन-रेक्सने जानेवारी २०२४ मध्ये फेअरली ट्रेन्ड नावाची ना-नफा संस्था काढली, जी ट्रेनिंगच्या डेटासाठी परवानगी घेणाऱ्या कंपन्यांना सर्टिफिकेट देते. पहिल्या यादीत एन्डेल होतं, आणि आपल्या बंगळुरूचं बीटोव्हन डॉट एआयही होतं. बीटोव्हनच्या संस्थापकांपैकी एक मन्सूर रहिमत खान, धारवाडच्या सतारियांच्या घराण्यातले. धारवाड म्हटलं की मराठी रसिकाला वेगळं सांगायला नको, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल यांचा मुलूख, आणि त्या मुलखातल्या सतारीच्या घरात वाढलेला माणूस परवानगी घेऊन शिकवलेलं मॉडेल करतो याचा मला मनापासून आनंद आहे. ब्रिटन सरकारने जेव्हा एआय कंपन्यांना कॉपीराइटमध्ये सूट द्यायचा प्रस्ताव आणला तेव्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये हजारावर कलाकारांनी मिळून रिकाम्या स्टुडिओंच्या शांततेचा अल्बम काढला, त्याच्यामागेही न्यूटन-रेक्सच होता, बारा ट्रॅकची नावं जोडून वाचली की एक वाक्य होतं, ब्रिटिश सरकारने एआय कंपन्यांच्या फायद्यासाठी संगीताची चोरी कायदेशीर करू नये असं.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीने संगीतकार आणि गीतकारांना रॉयल्टीचा असा हक्क दिला जो ते निर्मात्याला लिहूनही देऊ शकत नाहीत, तो मिळवायला खूप वर्षं भांडावं लागलं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या डीपीआयआयटीने, म्हणजे उद्योग आणि अंतर्गत व्यापार विभागाने, नेमलेल्या समितीच्या वर्किंग पेपरचा पहिला भाग आला, त्यात म्हटलंय की एआय कंपन्यांना ट्रेनिंगसाठी सरसकट सक्तीचं लायसन्स द्यायचं आणि बदल्यात त्यांनी रॉयल्टी भरायची. यात पैसे मिळतील पण नाही म्हणायचा हक्क राहणार नाही. मला हे निम्मंच पटतं. फिल्ममधल्या मोठ्या संगीतकाराला त्यातून काहीतरी मिळेल, पण पुण्यात एका खोलीत कीबोर्ड आणि इंटरफेस घेऊन बसलेला मुलगा, जो ॲपच्या जिंगल, गेमचे लूप, कॉर्पोरेट व्हिडिओचं बॅकग्राउंड करून भाडं भरतो आणि त्यातच शिकतो, त्याचं काम आधी जातंय, आणि त्याचं नाव कोणत्याच रॉयल्टीच्या यादीत नाही. ज्यूकडेकच्या वेळी म्हणायचे की आम्ही संगीतकाराची जागा घेत नाही, ज्यांना परवडत नाही त्यांना देतोय. तेव्हाच्या आवाजाच्या दर्जात ते खरंही होतं. आता आवाज असा आलाय की ज्यांना परवडतं तेही तिकडेच जातात.

शेवटी, कुणी गेमवाला विचारतो की मग वापरू का नको, तर मी सांगतो वापर, पण आधी बघ काय वापरतोयस. टूल कोणत्या म्युझिकवर शिकलंय ते कंपनी लिहून देते का, कुणी खटला भरला तर ती तुझ्या बाजूने उभी राहणार का, हे टर्म्समध्ये शोध. फुकट प्लॅनवर बनवलेलं कमर्शियल गेममध्ये टाकू नकोस, बऱ्याच ठिकाणी ते चालत नाही. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात टाकणार असशील तर जानेवारी २०२४ पासून एआयने बनवलेलं काय काय आहे ते जाहीर करावं लागतं, ते लपवू नकोस. पैसे भरलेल्या दिवशीच वेव्ह फाइल, थर वेगळे मिळत असतील तर तेही, बिल आणि त्या तारखेच्या टर्म्सची कॉपी आपल्या हार्ड डिस्कवर घे. आणि गेमची मुख्य ट्यून, जी लोक गुणगुणतील अशी तुला आशा आहे, ती माणसाकडून करून घे, करार लिहून, पुढच्या लेव्हलचेही पैसे ठरवून, आणि क्रेडिटमध्ये त्याचं नाव घालून.